आयसीयूच्या दाराशी उभ्या माणसासाठी: लिव्हिंग विल कसं करावं

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्ट्रोक झाला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. अकराव्या रात्री पावणेदोनला मला आयसीयूबाहेरच्या बाकावरून उठवलं आणि एका फॉर्मवर सही मागितली. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून काढून आता गळ्याला भोक पाडून बसवायची होती. काउंटरवरच्या पेनाला दोरी बांधलेली होती, ती कागदापर्यंत पोचत नव्हती, म्हणून सिस्टरनं क्लिपबोर्डच माझ्याकडून ओढून पेनाजवळ नेला. "आम्हाला नको असेल तर?" मी विचारलं. "असं नाही म्हणता येत," एवढंच उत्तर आलं. परदेशातल्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, "सगळं करा, पैशाचं मी बघतो." आई घरी झोपली होती, तिला उठवायचा धीर झाला नाही. मी सही केली.

अण्णा त्यानंतर ३४ दिवस होते. नळ्या ओढू नयेत म्हणून त्यांचा चालता हात पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेला असायचा. त्यांना हे चाललं असतं का, हे आमच्या घरात कुणालाच सांगता आलं नाही, कारण त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

हे २०१९ सालचं. "असं नाही म्हणता येत" हे उत्तर तेव्हाही चुकीचं होतं, पण ते मला फार उशिरा कळलं. पुढे आईनंच विषय काढला आणि तिचं लिव्हिंग विल आम्ही रीतसर केलं. त्यानंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या काही जणांना त्यांचे कागद मांडायला मदत केली. त्या अनुभवातून सांगते, हा कागद वकिलासाठी किंवा न्यायाधीशासाठी लिहायचा नसतो. रात्री पावणेदोनला आयसीयूच्या दाराशी तुमचं जे माणूस उभं असेल, त्याला दहा मिनिटांत उत्तर देता यावं, म्हणून लिहायचा असतो. खालची प्रत्येक पायरी त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

हा कागद म्हणजे काय

मृत्युपत्र आपल्या पश्चात लागू होतं. त्यात घर, सोनं, पैसा कुणाला द्यायचा ते असतं. लिव्हिंग विल आपण जिवंत असताना लागू होतं. आपल्याला स्वतःला निर्णय सांगता येत नाही अशी अवस्था आली, तर कोणते उपचार चालू ठेवायचे, कोणते सुरूच करायचे नाहीत, आणि आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे त्यात असतं. मराठीत त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मालमत्तेचा एक शब्दही त्यात घालू नका. दोन्ही कागद वेगळे ठेवा, फायलीसुद्धा वेगळ्या.

दुसरा घोळ इच्छामरणाचा. इंजेक्शन देऊन कुणाचं आयुष्य संपवणं आपल्याकडे गुन्हाच आहे आणि कोणत्याही लिव्हिंग विलनं ते मागता येत नाही. इथे प्रश्न फक्त यंत्रांनी आणि नळ्यांनी मरण लांबवत ठेवायचं की नाही, एवढाच असतो. आजार आपल्या गतीनं जातो. वेदना, धाप, घाबरेपणा यांवरचे उपचार मात्र शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहतात.

या सगळ्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षं, तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांचं सगळं केलं. त्यांच्यासाठी लेखिका पिंकी विराणी यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ मध्ये निकाल दिला. त्यांच्या बाबतीत अर्ज फेटाळला गेला, पण ज्याच्या बरं होण्याची आशा नाही अशा रुग्णाचे जीव टांगून ठेवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीनं थांबवता येतील, हे तत्त्व मान्य झालं. पुढे 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण त्या वेळची पद्धत इतकी किचकट होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती अट काढली आणि पद्धत सोपी केली. आज जे करायचं ते या सुधारित पद्धतीनं. इंटरनेटवर २०१८ च्या पद्धतीचे नमुने अजून फिरतात, ते वापरू नका.

कागद कधी लागू होतो आणि कधी नाही

संघात मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: "हा कागद केला आणि उद्या डेंग्यू होऊन आयसीयूत गेलो, तर डॉक्टर मला तसाच सोडतील का?" नाही. दोन गोष्टी एकदम असाव्या लागतात. तुमची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता गेलेली असावी, आणि आजार असा असावा की दीर्घ उपचार करूनही बरं होण्याची आशा राहिलेली नाही. डेंग्यू, न्यूमोनिया, अपघात, बायपासनंतरचे चार दिवस व्हेंटिलेटरवर, यांत माणूस बरा होणं अपेक्षित असतं. तिथे हा कागद कपाटातच राहतो.

आणि तुम्ही शुद्धीत आहात, समजून उमजून बोलता आहात, तर कोणताही उपचार तुम्ही तोंडानंच नाकारू शकता. त्यासाठी या कागदाची गरज नाही.

डॉक्टरांशी बोला

कागद हातात घ्यायच्या आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या. ओपीडीच्या गर्दीत हे बोलणं होत नाही. त्यांना सरळ विचारा: "मला जे आजार आहेत, त्यांचा शेवट साधारण कसा येतो? तेव्हा कोणता निर्णय घ्यायची वेळ येईल?" प्रत्येक आजाराचं वळण वेगळं असतं. किडनी निकामी होत चालली असेल, तर प्रश्न डायलिसिसचा येतो. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार असेल, तर व्हेंटिलेटरचा. स्मृतिभ्रंशात शेवटाकडे गिळणं थांबतं आणि प्रश्न नाकातल्या नळीचा येतो. कर्करोगात वेदना आणि धाप यांचा. ज्याला जे लागू आहे, त्यावर त्यानं विचार करावा. सगळ्या यंत्रांची यादी पाठ करायची गरज नाही.

तरी काही शब्दांमागे काय असतं ते माहीत हवं. सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती जोरानं दाबणं. ठिसूळ हाडांच्या वृद्ध माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून घशात जाते. ती बोलू देत नाही, म्हणून बऱ्याचदा झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि एक-दोन आठवड्यांत ती निघाली नाही तर गळ्याला भोक पाडायची वेळ येते. नाकातली नळी, जिला हॉस्पिटलात राईल्स ट्यूब म्हणतात, ती स्ट्रोकनंतर काही आठवड्यांपुरती फार उपयोगाची असते. पण शेवटच्या टप्प्यातल्या स्मृतिभ्रंशात तिनं आयुष्य वाढत नाही, आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोकाही टळत नाही. तिथे चमच्यानं, जमेल तेवढं, प्रेमानं भरवणं हेच चांगलं मानलं जातं. म्हणजे तीच नळी एका माणसाला हवी आणि दुसऱ्याला नको. म्हणूनच "मला नळ्या नकोत" या वाक्याचा आयसीयूच्या दाराशी काडीचा उपयोग होत नाही.

घरात बोलणं: ही पायरी गाळू नका

लोक थेट नमुना डाउनलोड करून नोटरीकडे धावतात. त्यांचे कागद कायद्यानं बरोबर असतात आणि वेळेला निरुपयोगी ठरतात, कारण मुलाला तो कागद आहे हेच माहीत नसतं, किंवा माहीत असून तो मनातून पटलेला नसतो.

आईशी आमचं बोलणं मेथी निवडता निवडता झालं. मी विचारलं, "आई, कशापर्यंत चालेल तुला?" ती म्हणाली, "फिरता नाही आलं तर चालेल. अण्णांसारखं एका हातानं काम करावं लागलं तरी चालेल. नुसती माणसं ओळखता आली नाहीत तरी चालेल, तुम्ही मला ओळखाल की. पण ओळखताही येईना आणि घासही गिळता येईना, असं दोन्ही झालं, की मग नळ्या घालू नका. जिभेवर चहाचा थेंब ठेवत जा." मी मेथीची जुडी बाजूला ठेवून ते शब्द वहीत जसेच्या तसे लिहून घेतले. तिच्या कागदातलं सगळ्यांत कामाचं कलम तेच आहे. कोणत्याही वकिलाला ते सुचलं नसतं.

"तुला मरताना काय हवंय" असं विचारलं की माणसं दचकतात, विषय टाळतात, "शुभ बोल नाऱ्या" म्हणतात. त्यापेक्षा विचारा: आजारपणात कशाची सगळ्यांत भीती वाटते? काय करता येत असेल तोवर जगणं गोड वाटेल? शेजारच्या अमक्यांचं शेवटचं आजारपण पाहिलंत, त्यातलं काय नको वाटलं? घर की हॉस्पिटल? ही उत्तरं एका बैठकीत येत नाहीत. चार-पाच वेळा, कामं करता करता, थोडं थोडं बोला. परदेशातल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि ते बोलणं त्यांच्या कानावर थेट आईवडिलांच्या तोंडून जाऊ द्या. लांब असलेल्या मुलाला अपराधी वाटत असतं, म्हणून तो "सगळं करा" म्हणतो. दादाचं तेच झालं होतं. मी त्याला कधी दोष दिला नाही.

आपल्या वतीनं कोण बोलणार

सुधारित पद्धतीत एकापेक्षा जास्त व्यक्तींची नावं देता येतात. तुम्ही निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल, तेव्हा उपचार नाकारायला किंवा थांबवायला संमती द्यायचा अधिकार यांना असेल, असं नावानिशी लिहायचं असतं. निकालातले शब्द 'पालक किंवा जवळचे नातेवाईक' या अर्थाचे आहेत. कमीत कमी दोन नावं द्या आणि क्रम स्पष्ट लिहा: पहिली मुलगी, ती मिळाली नाही तर पुतण्या. दोघांचं एकमत लागेल, असं लिहू नका. मध्यरात्री एकमत होत नाही.

निवड करताना थोरला मुलगा, मानाचा जावई असा विचार आड येतो. तो बाजूला ठेवा. ज्याच्या अंगी तीन गोष्टी आहेत त्याला निवडा: तीन-चार तासांत तुमच्यापर्यंत पोचू शकेल, डॉक्टरांसमोर न घाबरता प्रश्न विचारेल, आणि स्वतःला न पटणारी तुमची इच्छासुद्धा पाळेल. तुमच्यावर सगळ्यांत जास्त जीव असलेलं माणूस या शेवटच्या कसोटीला बऱ्याचदा उतरत नाही. त्याला तसं मोकळेपणानं सांगा, "तुझ्यावर हे ओझं नको." बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

एकटं राहणाऱ्यांनी, मूलबाळ नसलेल्यांनी विश्वासातल्या मित्रमैत्रिणीचं नाव जरूर द्यावं, मात्र "यांना मी माझे पालक म्हणून नेमत आहे" असं शब्दांत लिहावं आणि एवढ्या एका कलमापुरता वकिलाचा सल्ला घ्यावा. रक्ताचे नातेवाईक ऐनवेळी उगवून हरकत घेतात, हे मी पाहिलं आहे.

लिहायचं कसं

कागद अस्पष्ट असेल, तर तो अमलात आणायचा नाही, असं न्यायालयानं म्हटलं आहे. म्हणून वाक्याची घडण अशी ठेवा: अवस्था कोणती, ती कुणी ठरवायची, आणि त्या अवस्थेत काय नको, काय हवं. "मी फार आजारी पडलो तर", "विनाकारण त्रास नको", "भाजीपाल्यासारखं जगणं नको" असली वाक्यं गाळा. आमच्या संघात वापरतो त्यातला गाभा देते. आपल्याला लागू पडेल तसं बदलून घ्या.

"मी, अमुक, वय अमुक, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि परिणामांची पूर्ण कल्पना असताना हे वैद्यकीय इच्छापत्र करत आहे. मला स्वतः निर्णय घेता येत नसेल, आणि माझा आजार बरा होण्याची आशा नाही असं वैद्यकीय मंडळांनी ठरवलं असेल, तर पुढील सूचना लागू व्हाव्यात.

माझं हृदय किंवा श्वास थांबल्यास सीपीआर करू नये. व्हेंटिलेटर लावू नये. लावलेला असल्यास काढावा. डायलिसिस, रक्तदाब टिकवून ठेवणारी इंजेक्शनं सुरू करू नयेत किंवा चालू असल्यास थांबवावीत. नाकातून वा पोटातून नळीनं अन्न देऊ नये. तोंडानं घेता येईल तेवढं द्यावं.

वेदना, धाप, अस्वस्थता यांवर पुरेशी औषधं द्यावीत, मॉर्फिनसुद्धा, त्यामुळे गुंगी आली तरी चालेल. तोंड ओलं ठेवावं, अंग पुसावं, कूस बदलावी. शक्य असेल तर मला घरी न्यावं.

आजार बरा होईल की नाही याबद्दल डॉक्टरांना शंका असल्यास उपचार मुदतीपुरते करून पाहावेत. सात दिवसांत सुधारणा न दिसल्यास ते थांबवण्यास माझी हरकत नाही."

शेवटचं मुदतीचं कलम मुद्दाम ठेवलं आहे. आयसीयूच्या दाराशी खरा पेच "लावायचं की नाही" हा असतो, आणि नाही म्हणायला जीव धजत नाही. "सात दिवस लावून बघू, मग ठरवू" हे कुणालाही म्हणता येतं. अण्णांच्या वेळी कुणी आम्हाला एवढं सुचवलं असतं, तर त्या रात्री मला दोनपैकी एकच दार दिसलं नसतं. मुदत किती ठेवायची ते डॉक्टरांना विचारून भरा.

भाषा मराठी चालते, आपल्याला कळते ती भाषा हवीच. मात्र उपचारांची नावं डॉक्टर वापरतात तीच ठेवा आणि मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दाखल व्हायची शक्यता असेल, तर इंग्रजी अनुवाद जोडून ठेवा. ड्यूटीवरच्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असं नाही. हे इच्छापत्र आपण कधीही रद्द करू शकतो आणि उपचार नाकारण्याचे परिणाम आपल्याला समजले आहेत, ही दोन वाक्यंही कागदात हवीतच.

सही, साक्षीदार, नोटरी

करणारी व्यक्ती सज्ञान आणि सुदृढ मनाची हवी. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. ते शक्यतो त्रयस्थ असावेत. वारसा मिळणारी मुलं, सुना साक्षीदार नकोत. शेजारी, जुने सहकारी, भिशीतल्या मैत्रिणी चालतात. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. हा कागद स्वेच्छेनं, दबावाविना, समजून केला आहे याची आपली खात्री पटल्याचं साक्षीदारांनी आणि नोटरीनं कागदावर नोंदवायचं असतं. ते वाक्य आधीच टाइप करून न्या. प्रत्येक पानावर सही करा. आधार कार्डाची प्रत लावा.

काही नोटरी स्टॅम्प पेपरचा आग्रह धरतात. न्यायालयाच्या सूचनांत तशी अट नाही. पण वाद घालण्यापेक्षा स्टॅम्प पेपर लावून मोकळं व्हा. काहींना लिव्हिंग विल हा प्रकारच माहीत नसतो आणि ते "हे बेकायदा आहे" म्हणून परत पाठवतात. २०२३ च्या आदेशाची छापील प्रत बरोबर ठेवा. वय जास्त असेल, थोडा विसरभोळेपणा सुरू झाला असेल, तर त्याच आठवड्यातलं डॉक्टरांचं 'निर्णय घेण्यास सक्षम' असं प्रमाणपत्र जोडा. ते बंधनकारक नाही, तरी नंतरची भांडणं त्यानं मिटतात. आणि स्मृतिभ्रंशाचं निदान झालं असेल, तर उद्यावर ढकलू नका. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस आपली इच्छा छान सांगू शकतो, वर्षा-दोन वर्षांनी ते दार बंद होतं.

प्रती कुठे द्यायच्या

मूळ प्रत घरी, पण बँकेच्या लॉकरमध्ये नको. रात्री लॉकर उघडत नाही. आमची आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. ज्यांची नावं कागदात आहेत त्या प्रत्येकाला एक प्रत आणि फोनमध्ये फोटो. फॅमिली डॉक्टरांना एक. डिजिटल आरोग्य नोंदीत जोडायची मुभाही निकालानं दिली आहे. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: "माझं वैद्यकीय इच्छापत्र केलेलं आहे, अमक्या नंबरवर फोन करा."

मग एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे: महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत. तिथे या कागदांसाठी अभिरक्षक, म्हणजे कस्टोडियन, नेमायचा असतो. महाराष्ट्रात बराच काळ हे कुणी नेमलेच नव्हते. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि राज्यभर अभिरक्षक नेमल्याचं शासनानं २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितलं. गोव्यात त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून पायंडा पाडला. प्रत्यक्षात खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही. आईचा कागद घेऊन गेले तेव्हा मला आधी जन्म-मृत्यू नोंदणीकडे, तिथून आरोग्य विभागाकडे, तिथून आस्थापनेकडे पाठवलं. शेवटी मी आवक-जावक विभागात साधं विनंतीपत्र जोडून प्रत दिली, आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तुम्हीही तेच करा. पोच हातात असली की पुढे कागदाचा खरेपणा पडताळताना ती कामी येते.

रुग्णालयात काय घडतं

वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आधी कागदाचा खरेपणा डिजिटल नोंदीतून किंवा अभिरक्षकाकडून तपासतात. मग रुग्णालय प्राथमिक मंडळ बसवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ. ते रुग्णाला पाहून, शक्यतो ४८ तासांत मत देतात. त्यांनी होकार दिला की दुय्यम मंडळ बसतं; त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. त्यांचंही मत शक्यतो ४८ तासांत. इच्छापत्रात नाव असलेल्या व्यक्तीची संमती घेतली जाते आणि अंमल करण्यापूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. त्यांची परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचं असतं. मंडळांनी नकार दिला, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

दाराशी उभ्या माणसानं इतकंच करायचं: कागदाची प्रत लेखी अर्जासह देऊन पोच घ्यायची आणि हे एक वाक्य म्हणायचं, "कृपया प्राथमिक मंडळ बसवा आणि तसं केस पेपरवर नोंदवा." आवाज चढवायची गरज नाही. एखादं रुग्णालय म्हणेल, आमच्याकडे मंडळच नाही. म्हणून जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत आधीच, तब्येत ठणठणीत असताना विचारून ठेवा, की दुय्यम मंडळासाठी डॉक्टर नेमलेले आहेत का. सीपीआर न करण्याची नोंद वेगळी मागावी लागते. त्यासाठी आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

आणि हे विशेष करून त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात आज कुणी आयसीयूत आहे आणि कागद केलेला नाही. तरीही मार्ग आहे. जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं हीच दोन मंडळांची पद्धत वापरता येते. आपल्याकडे बरीच घरं हे न कळल्यामुळे 'डामा' घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशी सही करून रुग्णाला उचलतात. मग घरी धापेला औषध नाही, वेदनेला औषध नाही, आणि मागे आयुष्यभराची बोच. डामाच्या फॉर्मवर सही करण्याआधी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारे डॉक्टर भेटू शकतील का, ते विचारा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात हा विभाग आहे, वांद्र्यात १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, त्याची शाखा गोव्यात लोटलीला आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. ही सेवा शेवटच्या दोन दिवसांची नसते, कितीतरी आधीपासून घेता येते.

याच्या जोडीचे कागद

घरी मरण हवं असेल, तर दाखला कोण देणार हे आधी ठरवा. घरी झालेल्या मृत्यूचं कारण डॉक्टर नमुना ४अ वर लिहून देतात. रुग्णाला अधूनमधून तपासणारे डॉक्टर नसतील, तर त्या दिवशी घरच्यांची धावाधाव होते.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. साधं कुलमुखत्यारपत्र करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच उपयोगी पडत नाही. निदान एक बँक खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' असं करून ठेवा. अवयवदानाची इच्छा असेल तर लिहा आणि घरच्यांना सांगा. मृत्यूनंतर संमती त्यांनाच द्यायची असते. मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आगाऊ निर्देशाची वेगळी सोय आहे, ती या कागदात मिसळू नका. आणि वर्षातले सहा महिने मुलाकडे परदेशात असाल, तर तिथल्या कायद्यानुसार तिथला वेगळा कागद करा.

बदल करायचा झाला, तर कागदावर पेनानं खाडाखोड नको. बदलालाही साक्षीदार आणि नोटरीची तीच पद्धत लागते. रद्द करायचं तर लेखी. एकापेक्षा जास्त कागद असतील, तर शेवटी सही केलेला धरतात. मोठं आजारपण, जोडीदाराचा मृत्यू, नेमलेल्या माणसाचं गाव सोडून जाणं, यांतलं काही घडलं की कागद काढून वाचा. आईनं गेल्या वर्षी तिचा बदलला: दुसरं नाव दादाऐवजी माझ्या भाचीचं घातलं, ती नर्स आहे आणि वीस मिनिटांवर राहते. दादानंच सुचवलं होतं. जुन्या प्रती आम्ही डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून मागून आणल्या, पालिकेत नव्या प्रतीसोबत जुनी रद्द केल्याचं पत्र दिलं, नवा आवक क्रमांक घेतला, आणि जुन्या फोल्डरातला कागद आईनं स्वतःच्या हातानं फाडला.